अर्धं कापलेलं मैदान

आमच्या घराण्यात वाढलेलं काही कुणाला बघवत नाही. मी लोकांचे केस कापते, माझी आत्या गवत कापते. फरक एवढाच, की माझं गिऱ्हाईक महिनाभर तरी पुन्हा तोंड दाखवत नाही, आणि आत्याचं गवत तिची पाठ वळली की डोकं वर काढतं. तिला त्याचा मनापासून राग येतो. गवताशी भांडणारी दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही. "परवाच कापलं ना रे तुला मेल्या!" असं एखाद्या कोपऱ्याला दरडावून ती मशीन खांद्याला लावते आणि त्याच्यावर तुटून पडते.

मशीन म्हणजे एक लांब दांडा. खालच्या टोकाला गरगर फिरणारं पातं, वरच्या टोकाला लहान भोपळ्याएवढं पेट्रोलचं इंजिन, आणि खांद्यात अडकवायला पट्टा. दोरी ओढली की सुरू होतं. म्हणजे व्हायला हवं.

हे मशीन मुळात आत्याचं नव्हे, आतोबांचं. शाळेचं मोठं मैदान, त्याच्या एका अंगाला बसायच्या पायऱ्यांची गॅलरी, आणि त्या पायऱ्यांच्या पोटात एक खोली आणि स्वयंपाकघर. मैदान सांभाळायचं म्हणून आतोबांना ती जागा मिळालेली. खोलीचं छत पायऱ्यांसारखंच उतरत जाणारं, त्यामुळे दाराजवळ ताठ उभं राहायचं आणि पलंगाजवळ जाताना वाकायचं. नवा माणूस एकदा तरी टाळकं आपटून घेतोच. वर मुलं उड्या मारायला लागली की खाली डाळीत धूळ पडायची, आणि आत्या लाटणं घेऊन छत बडवायची.

आणि आत्या-आतोबांची भांडणं! काय सांगू तुम्हाला. ती भांडणं नव्हतीच, तो सामना होता. रेघा वाकड्या मारल्या इथपासून ते चहात साखर कमी इथपर्यंत कोणताही विषय चालायचा. आवाज असा, की खेळाचे सर म्हणायचे, "माझ्या शिट्टीपेक्षा तुमचा आवाज लांब जातो, वहिनी." दोघं भांडून दमली की एकाच ताटलीतून शेंगदाणे खायची आणि पुढचा विषय शोधायची. मी लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे जायचे ती मुळात भांडणं ऐकायलाच.

मग एक दिवस आतोबा दिव्याच्या खांबाला लावलेल्या शिडीवरून पडले. कंबर मोडली. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी सांगितलं की चाला, जेवढं चालाल तेवढं चांगलं. पण आतोबा पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून न्हाणीघरापर्यंत, एवढंच चालायचे. चार पायांचं ते लोखंडी वॉकर ढकलत. दाराबाहेरची एक पायरी काही उतरले नाहीत. आणि आत्या? जी बाई त्यांना उठताबसता फैलावर घ्यायची ती एकदम साखरेची झाली. "अहो, उशी देऊ का? अहो, खिडकी लावू का? तुम्ही नका हो त्रास करून घेऊ." ते म्हणायचे, "तुला योग्य वाटेल तसं कर." घर असं शांत झालं, की मला तिथे बसवेना. आजारी माणसाच्या घरी बसल्यासारखं वाटायचं, आणि माणूस तर बरा झालेला!

मैदानाचं काम आत्यानं उचललं. तोवर ती घरी बसून कपड्यांना काजं-बटणं करायची. सरांपुढे जाऊन म्हणाली, मशीन मी चालवते. शिकवलं आतोबांनीच, खिडकीत बसून. चोक कधी ओढायचा, तो रबरी फुगा किती वेळा दाबायचा, पेट्रोलमध्ये ऑईल किती मिसळायचं. आत्या शिकली आणि झपाट्यानं शिकली. पण वरच्यांना ते पटत नव्हतं. बाहेरच्या कंत्राटदाराचा माणूस बसून चालवायचं मोठं मशीन घेऊन येतो आणि तासाभरात मैदान साफ करतो, मग ही बाई कशाला, असं कुणीतरी काढलंच होतं. सरांनी ते कसंबसं थोपवून धरलं होतं. मुलींच्या फुटबॉलचा शेवटचा सामना आपल्या मैदानावर आहे, तेवढ्याला मैदान चोख करून दाखवा, असं ते आत्याला म्हणाले. नाही झालं तर काम कंत्राटदाराला जाणार, आणि कामाबरोबर पायऱ्यांखालची खोलीही. हे आतोबांना सांगायचं नाही, अशी आत्यानं मला शपथ घातली होती.

तो सामन्याचा दिवस. माझ्या दुकानाला सुट्टी, म्हणून सकाळीच गेले. फाटकातूनच मैदान बघितलं आणि मला हसू आलं. अर्धं आदल्या दिवशी कापून झालेलं, गुळगुळीत, आणि अर्धं घोट्याच्या वर वाढलेलं. माझ्या खुर्चीतून एखादं गिऱ्हाईक अर्ध्यातच पळालं तर असंच दिसेल. गॅलरीच्या सावलीत आत्या पदर खोचून, एक पाय मशीनच्या दांड्यावर देऊन दोरी ओढत होती. मी हाक मारणार तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती कुजबुजली. "सुरू होईना."

"अगं, काल तर चालत होतं!"

"काल चालत होतं म्हणूनच तर डोकं फिरलंय. सकाळी सुरू झालं, गवताचा एक पट्टा काढला, आणि आचके देऊन बंद. तेव्हापासून ताकास तूर लागू देत नाही."

खरं सांगते, मला यंत्रातलं काही कळत नाही, पण अडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी चप्पल काढून मांडी ठोकली. बटण चालूवर आहे? आहे. पेट्रोल? भरपूर, कालच मिसळलेलं. चोक? ओढलाय. मग ओढ दोरी! मी ओढली, तिनं ओढली, पुन्हा मी. नुसतं खर्र खर्र. कुंभकर्णही याहून लवकर उठला असता.

तेवढ्यात खोलीच्या खिडकीतून आतोबांचा आवाज आला. "अगं, मशीन बंद पडलं का?"

आत्यानं माझ्याकडे डोळे वटारले आणि मधाळ आवाजात म्हणाली, "छे हो! मीच बंद केलं. जरा दमले. तुम्ही पडा निवांत."

"बरं," ते म्हणाले. "ते काय आहे, मी काल संध्याकाळी..."

"नंतर सांगा हो! उगाच खिडकीत उभे राहू नका, कंबर दुखेल."

खिडकी बंद झाली. मी आत्याकडे बघितलं. ती प्लग काढायचा पाना शोधत होती.

प्लग काढला. कोरडा ठणठणीत. आत्या म्हणाली, ओला असता तर पेट्रोल जास्त झालंय असं समजायचं, कोरडा आहे म्हणजे पेट्रोल पोहोचतच नाही. पण आधी ठिणगी पडते का ते बघू. तिनं प्लगला वायर लावली, त्याचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं आणि म्हणाली, "ओढ." मी ओढली आणि टच्‌कन निळी ठिणगी उडाली. मी किंचाळले! तोंडावर हात दाबून किंचाळले, कारण जवळच खिडकी होती. एवढीशी ठिणगी, पण मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे ठिणगी आहे," आत्या म्हणाली, "पेट्रोल आहे, पण पेट्रोल ठिणगीपर्यंत जात नाही. आता हा फुगा बघ."

मशीनवर अंगठ्याएवढा पारदर्शक रबरी फुगा असतो. तो दाबला की टाकीतलं पेट्रोल नळीतून वर खेचलं जातं. तिनं दाबला, आणि तो आत चिकटून बसला. वर येईचना. म्हाताऱ्याच्या गालासारखा खोल गेला.

"घोडं इथे पेंड खातंय," आत्या म्हणाली. डोळे चमकत होते तिचे. मला आत्याचा हाच चेहरा आवडतो. "नळी तुंबलीय. जा, होईलला बोलाव."

होईल म्हणजे शाळेच्या कोपऱ्यावरचा मोटारसायकल दुरुस्त करणारा. काहीही न्या, तो म्हणतो, "होईल." म्हणून गावभर त्याचं तेच नाव पडलंय. मी त्याला अक्षरशः दंडाला धरून आणलं. त्याच्या हातात अजून कुणाच्या तरी गाडीची चेन होती.

"मेकॅनिक, हळू बोला," मी वाटेतच बजावलं.

"हळू होईल," तो म्हणाला.

त्यानं टाकीचं झाकण काढून पायरीवर पालथं ठेवलं, तारेचा आकडा करून टाकीत घातला आणि नळीच्या टोकाची छोटी गाळणी बाहेर ओढली. फुंकली, धुतली, पुन्हा फुंकली. आम्ही दोघी त्याच्या खांद्यावरून वाकून. गाळणी आत, झाकण घट्ट, फुगा दाबला, आणि या वेळी फुगा टुणकन वर आला. पेट्रोल चढताना दिसलं. त्यानं दोरी ओढली आणि मशीन धडधडलं! काय तो आवाज! मी आत्याला मिठी मारली, आत्यानं होईलच्या पाठीत धपाटा घातला, आणि पट्टा खांद्यात अडकवून ती धावतच मैदानात गेली. एक पट्टा निघाला. दुसरा अर्धा. मग आवाज बारीक होत गेला, दोन उचक्या, आणि शांतता.

"कार्बोरेटर," होईल म्हणाला.

त्यानं कार्बोरेटर खोलला. त्यासाठी आधी टाकी रिकामी केली. पुन्हा झाकण पायरीवर पालथं. स्क्रू, पातळ पडदे, सुईएवढी भोकं. सगळं कागदावर मांडून तो एकेक पुसत होता, आणि मी दर क्षणाला सूर्य किती वर आला ते बघत होते. जोडलं, पेट्रोल भरलं, ओढली दोरी. पुन्हा सुरू! या वेळी मी मिठी मारली नाही. बरंच केलं, कारण मैदानाच्या मध्यावर जाऊन ते पुन्हा मेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं काहीतरी चाललंय हे मलाही कळत होतं. पण रेडा कुठला ते कळत नव्हतं.

होईलनं हात पुसले. "नवा कार्बोरेटर लागेल," तो म्हणाला. "आणावा लागेल. उद्या..."

"उद्या? सामना आज आहे!"

"आज," तो म्हणाला, आणि मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा त्याला पुढचा शब्द सुचला नाही. चेन उचलून तो गेला.

आणि नेमके तेव्हाच सर आले. गळ्यात शिट्टी, हातात रेघा मारायच्या चुन्याची पिशवी. अर्धं मैदान बघून ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. गप्प उभ्या माणसाचं काय करायचं?

"वहिनी," शेवटी ते म्हणाले, "मला त्या कंत्राटदाराच्या माणसाला बोलवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"बोलवा," आत्या म्हणाली. "पण तो येईपर्यंत मैदान माझं आहे."

"तुमचंच आहे," सर म्हणाले आणि फोन कानाला लावून फाटकाकडे गेले.

मी आत्याला म्हटलं, "आतोबांना विचार."

"नाही."

"अगं, त्यांनी इतकी वर्षं हेच मशीन चालवलंय! दहा पावलांवर बसलेत आणि आपण त्या होईलच्या नादी लागलोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"नाही म्हटलं ना!" ती इतक्या जोरात कुजबुजली की तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "मशीन बंद आहे कळलं तर काम जाईल हे कळेल. काम गेलं तर ते आपल्यामुळेच, असं त्यांना वाटेल. आपण पडलो म्हणून बायकोवर ही वेळ आली, हेच घोकत बसतात ते. रात्री झोपत नाहीत म्हणून तर औषध चालू आहे. त्यांच्या जिवाला आणखी घोर नको."

"आणि तुझ्या जिवाचं काय? रोज त्या पेट्रोलच्या वासात झोपतेस!" बाहेरच्या शेडचं कुलूप कुणीतरी फोडलं तेव्हापासून मशीन रात्री पलंगाच्या पायथ्याशीच असायचं. वासानं आत्याचं डोकं उठायचं. नाकाला पदर लावून झोपायची, पण घरात चकार शब्द नाही.

"वास कसला, सहन होतो तो. काल रात्री तर आलाही नाही," ती म्हणाली.

मला असा संताप आला! आत्यावर, आतोबांवर, त्या खिडकीवर, सगळ्या त्या गोड गोड बोलण्यावर. "तुम्ही दोघं एकमेकांना काचेच्या बरणीसारखं फडताळात ठेवून द्या!" असं म्हणून मी मशीन खसकन ओढलं, पेट्रोल तरी आहे का बघू म्हणून झाकणाला हिसका दिला, आणि फुस्सऽऽ!

मी घाबरून हात काढला. वाटलं, घालवलं! आता हेही माझ्या नावावर.

आत्या मात्र पुतळ्यासारखी उभी होती. "काय केलंस तू?"

"काही नाही! नुसतं झाकण फिरवलं."

"हवा आत गेली," ती म्हणाली. मग हळूहळू, स्वतःशीच, "टाकीनं हवा आत ओढून घेतली. म्हणजे हवा मिळत नव्हती तिला. होईलनं पहिल्यांदा झाकण काढलं, आणि चाललं. दुसऱ्यांदा काढलं, पुन्हा चाललं. झाकण काढलं की चालतंय! अगं, टाकीतलं पेट्रोल कमी झालं की त्याच्या जागी हवा यायला नको का? झाकणाला त्यासाठीच भोक असतं!" ती ओरडलीच. पहिल्यांदा त्या दिवशी ती मोठ्यानं ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

तिनं झाकण सैल ठेवून फुगा दाबला. टुणकन वर. दोरी ओढली. मशीन असं काही गरजलं, की मैदानातली पाखरं उडाली. आम्ही घड्याळ न बघता नुसत्या बघत बसलो. बंद पडेना! पडेचना!

"पण सैल झाकण ठेवून चालवता येत नाही, पेट्रोल सांडेल अंगावर," आत्या म्हणाली आणि मशीन बंद करून झाकण काढलं. या वेळी तिनं ते पालथं ठेवलं नाही, उताणं धरलं. आत रबराची काळी चकती. "तुझ्या केसातली पिन दे." पिनेनं तिनं चकती उचकटली. चकतीखाली आणखी एक चकती होती. पातळ, पारदर्शक, प्लास्टिकची. कात्रीनं इतकी गोल कापलेली की कंपनीनंच बसवली असं वाटावं. नखानं ओढून तिनं ती उजेडात धरली. त्यावर पुसट निळा अर्धा चंद्र होता.

औषधाच्या दुकानातून गोळ्या देतात ना, त्या पिशव्यांवर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र छापलेला असतो. रात्रीची गोळी त्या घरात एकच माणूस घेतो.

मला सगळं एकदम कळलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. तिचं डोकं दुखतं हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. आदल्या संध्याकाळी ती पाण्याला गेली असताना पलंगावर बसून, आपल्याच औषधाच्या पिशवीचा गोल कापून, त्यांनी तो वास टाकीत कोंडून ठेवला होता. आणि सकाळी ती त्यांना जाग येऊ नये म्हणून चोरपावलांनी मशीन घेऊन बाहेर आली होती.

आत्याच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. तिनं तो चंद्र मुठीत घेतला, मूठ कमरेला खोचलेल्या पदरात रिकामी केली, झाकण लावलं आणि दोरी ओढली.

पुढचं काय सांगू! मी आत्याला धावताना पाहिलंय, भांडताना पाहिलंय, पण असं गवत कापताना पाहिलं नव्हतं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एक पाऊल पुढे, पुन्हा डावीकडे. हिरवे तुकडे तिच्या केसांत, भुवयांत, तोंडात. मी लांब दांड्याचा दातेरी पंजा घेऊन मागून गवत ओढत होते आणि ओढता ओढता ओरडत होते, "तिकडे राहिलं! तो कोपरा! सोडू नकोस त्याला!" मधेच बघते तर सरही शिट्टी पाठीवर टाकून दुसऱ्या पंजानं गवत गोळा करतायत. रस्त्यावर ते मोठं मशीन लादलेला टेम्पो येऊन उभा राहिला. चालक खाली उतरला, फाटकाला टेकला, आणि बघतच राहिला. सरांनी त्याच्याकडे जाऊन काहीतरी सांगितलं. मग त्यानं चुन्याची पिशवी उचलून आणून दिली, टेम्पोत बसला आणि गेला. मशीन खाली उतरलंच नाही.

शेवटचा कोपरा तो आत्याचा जुना वैरी. तो पडला तेव्हा दोन्ही शाळांच्या मुली फाटकातून आत येत होत्या. सरांनी मैदानाच्या कडेनं एक चक्कर मारली, वाकून गवतावरून हात फिरवला, आणि म्हणाले, "वहिनी, आता कोण काय म्हणतं ते मी बघतो. पुढच्या सामन्याची तयारीही तुम्हीच करायची."

मी तर नाचायचीच बाकी होते. पण आत्या ऐकत होती की नाही कोण जाणे. तिनं पट्टा खांद्यावरून काढला, मशीन पायरीला टेकवलं, आणि तरातरा खोलीकडे निघाली. मी मागोमाग. मला वाटलं, आता मस्त काहीतरी बघायला मिळणार. ती त्यांच्यापुढे तो चंद्र धरणार, दोघांचे डोळे भरून येणार, मी कोपऱ्यात उभी राहून नाक पुसणार. मी रुमालही काढून ठेवला.

आतोबा पलंगावर बसले होते. आत्या दारात उभी राहिली. नखशिखान्त हिरवी. तिनं पदरातून तो गोल काढून त्यांच्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

आतोबांनी बघितलं. चेहरा पडला. "तुझं डोकं दुखायचं ना वासानं... म्हणून म्हटलं, रात्रीपुरतं... सकाळी काढायला सांगणार होतो, पण तू..."

मी रुमाल डोळ्यांना लावला.

"अक्कल आहे का तुम्हाला!" आत्या कडाडली.

माझा रुमाल हातातून पडला. आतोबा पलंगावर जागच्या जागी उडाले.

"अहो, टाकीच्या झाकणाचं भोक बुजवलंत! इतकी वर्षं मशीन चालवलंत ना? मला शिकवलंत ना? झाकणाला भोक कशाला असतं, शोभेला? सकाळपासून दोरी ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली! प्लग काढला, कार्बोरेटर खोलला, त्या होईलच्या पायाशी बसले! काम जाणार होतं, घर जाणार होतं, तुमच्या या कातरकामापायी! डोकं दुखतं म्हणे! आता काय झालंय माझ्या डोक्याचं ते बघा!"

मी दचकून तिचा हात धरायला गेले. आजारी माणूस, असं कसं बोलतेस, असं म्हणणार होते. पण आतोबांकडे लक्ष गेलं आणि थांबले. त्यांची मान हळूहळू वर येत होती. वाकलेली पाठ सरळ होत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"भोक?" ते म्हणाले. "त्या भोकाबद्दल तू मला सांगतेस? फुगा आत चिकटत होता का?"

"होता!"

"मग? फुगा आत चिकटला की पहिलं झाकण सैल करायचं हे तुला मी सांगितलं नव्हतं? बाईसाहेबांनी थेट कार्बोरेटर खोलला! त्या होईलला हात लावू दिलास माझ्या मशीनला? आणि मला विचारलं का नाहीस? मी खिडकीतून विचारलं तर म्हणे दमले!"

"तुम्हाला कशाला विचारू? आजारी माणूस तुम्ही!"

"कंबर मोडली होती माझी! जीभ नव्हती मोडली!"

वर पायऱ्यांवर बसलेली मुलं गप्प झाली असावीत, कारण छतावरचे आवाज थांबले. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मला हसू की रडू तेच कळत नव्हतं. किती दिवसांनी! त्या खोलीत किती दिवसांनी कुणीतरी कुणावर ओरडत होतं!

आतोबांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आणि हे काय कापलंय? पट्टे बघ! त्या टोकाला आडवे, इकडे तिरपे! मैदान आहे की गोधडी?"

"या ना मग, येऊन दाखवा! खिडकीत बसून गोधड्या दिसतात!"

"दाखवतोच!" त्यांनी वॉकर पुढे ओढलं आणि उठले. दारापर्यंत आले. मैदानाकडे जायची ती एक पायरी. तिथे ते थांबले. वॉकरचे पुढचे दोन पाय त्यांनी खाली टेकवले.

आत्याचं तोंड चालूच होतं, पट्टे, होईल, प्लग, प्लास्टिक. पण तिच्या गालांवरचं गवत ओघळत होतं, आणि बोलता बोलता तिनं सवयीनं हात पुढे केला.

"हात नको," आतोबा म्हणाले. "तू ओरडत राहा."

आत्या ओरडत राहिली, आणि ते पायरी उतरले.